पाच ठिपक्यांचं हसू

सुजाताताईला पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तिने सगळ्यात आधी नवऱ्याचं टक्कल पाहिलं.

"अहो, तुमच्या डोक्यावर हे काय चमकतंय?"

पुण्याच्या त्या दवाखान्यात दोन डॉक्टर, एक नर्स, ताईचा नवरा उत्तमराव आणि धाकटा भाऊ धैर्यशील असे सगळे श्वास रोखून उभे होते. उत्तमरावांनी हळूच डोक्यावरून हात फिरवला. "तू बघायची थांबलीस, मग केसांनी पण राजीनामा दिला," ते म्हणाले. नर्सला हसू आवरेना. ताईही हसली आणि हसता हसता रडायला लागली.

उत्तमराव जगदाळे विट्याच्या हायस्कुलात खेळाचे सर होते. खो-खोच्या मैदानावर त्यांचा आवाज एस. टी. स्टँडपर्यंत जायचा. सुजाताताई त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. पस्तिशीत तिला रात्री अंधुक दिसायला लागलं, मग कडेचं दिसेना, आणि चाळिशी उलटता उलटता पूर्ण अंधार झाला. दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार. डोळ्याची भिंगं चांगली, मेंदूकडे जाणारी नसही चांगली, फक्त मधला प्रकाश टिपणारा पडदा मेलेला.

त्या मेलेल्या पडद्याच्या मागे आता नखाएवढी एक चकती बसवली होती. चष्म्याच्या मधोमध कॅमेरा. कॅमेऱ्यातलं चित्र कानामागच्या डबीत जायचं आणि तिथून बिनतारी चकतीवर. चकतीवर साठ ओळी आणि प्रत्येक ओळीत साठ टोकं. एकेक टोक नसेला बारीकसा विजेचा चिमटा काढायचं आणि तेवढ्या जागी मेंदूला उजेडाचा एक ठिपका दिसायचा. छत्तीसशे ठिपके, तेही काळ्यापांढऱ्याच्या सोळा छटांत. ताईचं अख्खं जग आता एवढ्यात मावायला हवं होतं.

कॅमेरा टिपतो ते चित्र कोट्यवधी ठिपक्यांचं. ते छत्तीसशेवर आणायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे सरासरी. शेजारचे हजारो ठिपके घ्यायचे आणि त्यांचा मिळून एक करायचा. पण सरासरी काढली की कडा विरघळतात, नाक गालात मिसळतं, पायरी जमिनीत मिसळते. सगळ्याचा राखाडी शिरा होतो.

धैर्यशीलला या अडचणीचं उत्तर माहीत होतं, कारण तो आला होता व्हिडिओ गेमच्या जगातून. जुन्या गेममधला बोटाच्या पेराएवढा नायक आठवा. त्याचं डोकं आठ ठिपके रुंद, तरी तो चिडलाय की घाबरलाय हे कळायचं. ते चित्र काढणारा सरासरी काढत नसे. तो निवडत असे. नाक सोडून द्यायचा, डोळ्याला एक ठिपका जास्त द्यायचा, तलवारीची कड मुद्दाम गडद करायचा. यालाच पिक्सेल आर्ट म्हणतात. कुठल्याही फोटोचं असं चित्र आपोआप करून देणारं एक सॉफ्टवेअर धैर्यशीलने कॉलेजात असताना हौसेने लिहिलं होतं. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'ठिपका'. पुढे कृत्रिम डोळ्याची चकती बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीने 'ठिपका' विकत घेतलं आणि त्यालाही नोकरी दिली. ताईचं नाव चाचणीच्या यादीत आलं, ते मात्र तिच्या स्वतःच्या तपासण्यांवर. भावाचा त्यात हात नव्हता, आणि ती हे सगळ्यांना ठणकावून सांगायची.

पहिले काही महिने दारं, जिने, ताट, वाटी हे ताईला सुरेख दिसायचं. माणसं दिसायची नाहीत.

"धैर्या, सगळ्यांचे बटाटे झालेत रे," ती फोनवर म्हणाली. "ऋतुजा आली होती कोल्हापूरहून. लेक समोर बसलीय आणि मी एका बटाट्याला विचारतेय, परीक्षा कशी गेली म्हणून."

धैर्यशीलने ते मनावर घेतलं. त्याने चेहऱ्यांसाठी 'ठिपका' नव्याने लिहायला घेतलं. बोलण्याच्या अंतरावर असलेल्या माणसाच्या तोंडाच्या वाट्याला, म्हणजे ओठांच्या रेषेला, चकतीवर जेमतेम पाच ठिपके यायचे. मधले तीन आणि दोन टोकांचे दोन. टोकं वर गेली की हसू, खाली आली की दुःख. एवढ्यावर सगळा खेळ. कुठला ठिपका वर आणि कुठला खाली हे ठरवणं कॅमेऱ्याला नेहमी जमत नसे. सावली असे, मिशी असे, माणूस अर्धा वळलेला असे. म्हणून त्याने सॉफ्टवेअरला शिकत राहायची सोय दिली. चष्म्याच्या दांडीवर एक बटण होतं. चित्र नीट कळलं, बघून बरं वाटलं, की ते दाबायचं. हजारभर लोकांच्या चष्म्यांतून अशा दाबण्यांची माहिती यायची आणि त्यावरून 'ठिपका' दर आठवड्याला स्वतःला सुधारून घ्यायचं.

गणपतीच्या सुमारास नवी आवृत्ती सगळ्यांच्या चष्म्यांत गेली. दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन.

"हे हसतायत रे! मला दिसतंय. समोर बसून हसतायत!" मागून दाजींचा आवाज आला, "अगं, मी शेव खातोय." पण ताईला ते ऐकू गेलं नसावं. ती बटण दाबत होती.

कंपनीत पेढे वाटले गेले. लोकांच्या पसंतीचा आकडा कधी नव्हे इतका वर गेला आणि पुढच्या आठवड्यात आणखी वर गेला.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. ऑफिसात फैजान नावाचा एक सहकारी अक्कलदाढ काढून आला होता. गाल सुजलेला, चेहरा कडू. कुणीतरी गंमत म्हणून चाचणीचा चष्मा त्याच्यावर धरला. संगणकाच्या पडद्यावर छत्तीसशे ठिपक्यांचा फैजान गोड हसत होता. सगळे खो खो हसले. धैर्यशीलही हसला आणि मग जागेवर जाऊन बसला. त्याने दहाबारा रडवे, रागावलेले, दमलेले फोटो 'ठिपका'मधून काढून पाहिले. बहुतेक हसरे निघाले.

काय झालं ते त्याला लगेच उमगलं. समोरचा हसताना दिसला की माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की तो बटण दाबतो. 'ठिपका' एवढंच शिकलं होतं. शंका आली की टोकाचे ठिपके वर. आणि हळूहळू, शंका नसली तरी वर. त्यात कुणाचा डाव नव्हता. जे मागितलं ते त्याने दिलं होतं.

तो रेवती पटवर्धनकडे गेला. ती या विभागाची प्रमुख. तिने शांतपणे सगळे फोटो पाहिले.

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"तोंडाचं शिकणं मी आजही बंद करू शकतो. पण मग अर्ध्या वेळा तोंड धुरकट दिसेल. पसंतीचा आकडा पडेल."

"मार्चमध्ये सरकारी मान्यतेची तपासणी आहे. हा आकडा बघूनच ते चकती सामान्य लोकांना लावायची परवानगी देणार." तिने फोटो बंद केले. "लोक खूश आहेत धैर्यशील. एकाची तक्रार नाही. पण सॉफ्टवेअर तुझं आहे. तू ठरव."

त्याने ठरवलं. मार्चनंतर बघू, असं ठरवलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ताईचा चेहरा होता, 'हे हसतायत रे' म्हणणारा. निदान स्वतःला त्याने तसंच सांगितलं.

दिवाळीत तो विट्याला गेला. भाऊबीजेला ताईने त्याला ओवाळलं, अगदी नेमकं कपाळाच्या मध्यावर कुंकू लावलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघा, चुकलं का?" जेवणं झाल्यावर दाजी त्याला घेऊन पान खायला बाहेर पडले. चालता चालता म्हणाले, "एक विचारू का रे? रागावू नको."

"विचारा की दाजी."

"पूर्वी ही माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखायची, आज मूड कसा आहे ते. आता तोंडाकडे बघते आणि म्हणते, मजेत दिसताय. परवा आमची पोरं जिल्ह्याच्या फायनलला हरली. मी मेल्यासारखा येऊन बसलो, तर ही म्हणते, जिंकलात वाटतं! मी म्हटलं, हो." ते हसले. "माझं थोबाडच तसं आहे का रे?"

धैर्यशीलने पानवाल्याकडे बघितलं. "नवीन आहे ना दाजी, होईल हळूहळू नीट."

"होऊ दे, होऊ दे. ती खूश आहे, आणखी काय पाहिजे?" दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पानाचे पैसे त्याला देऊ दिले नाहीत.

फेब्रुवारीत एका दुपारी ऋतुजाचा फोन आला. ती कोल्हापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "मामा, पप्पांना मिरजेला आणलंय. स्ट्रोक आहे. तू ये."

तो पोहोचला तेव्हा दाजी अतिदक्षता विभागात होते. उजवा हात आणि पाय गेला होता. वाचाही गेली होती. ताई बाहेरच्या बाकावर ताठ बसलेली होती. चष्मा डोळ्यांवर होता. तिच्यासमोर एक तरुण डॉक्टर वाकून, आवाज चढू न देता विचारत होते.

"बाई, सकाळी तुम्ही घरातून निघालात तेव्हा ते कसे होते? तोंड एका बाजूला वाकडं झालेलं दिसलं का? बोलणं जड?"

"चहा सांडला त्यांच्या हातून," ताई म्हणाली. "मी बघितलं त्यांच्याकडे. ते हसत होते. काहीतरी अं अं करत होते. मला वाटलं, मस्करी करतायत. त्यांना सवय आहे, मला चिडवायला असं तोंडातल्या तोंडात बोलायची. मी म्हटलं, चहा सांडायचा आणि वर हसायचं? लाज नाही वाटत? आणि मी शिकवणीला निघून गेले. दिसायला लागल्यापासून सकाळी पोरांना शिकवते मी. दुपारी आले तर ते खाली पडलेले."

डॉक्टरांनी मान हलवली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या चार-साडेचार तासांत द्यावं लागतं. ती वेळ निघून गेली होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण ऋतुजाला ते ठाऊक होतं.

"तू समोर होतीस आई," ती म्हणाली. "तोंड वाकडं होतं. आत्ताही आहे. कुणालाही दिसेल असं वाकडं आहे."

"मला हसताना दिसले गं."

"तुला दिसतं असं म्हणू नकोस ना मग! आंधळी होतीस तेव्हा त्यांच्या आवाजावरून तरी तुला कळलं असतं!"

बोलून गेल्यावर ऋतुजाने तोंडावर हात धरला.  ताईने चष्मा काढला, त्याच्या दांड्या मिटल्या आणि तो पर्समध्ये ठेवला.

दोन दिवसांनी दाजींना साध्या वॉर्डात हलवलं. भेटायच्या वेळेत ताई आणि ऋतुजा खाली औषधं आणायला गेल्या होत्या. दाजी झोपले होते. धैर्यशीलने लॅपटॉप उघडला, बॅगेतला चाचणीचा चष्मा जोडला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याला काय दिसणार हे माहीत होतं. तरी बघायचं होतं.

दाजींच्या ओठांचा उजवा कोपरा हनुवटीकडे ओघळला होता. तिथून लाळेची एक ओळ उशीवर आली होती. पडद्यावर मात्र ओठ वाकडे नव्हते, दोन्ही टोकांचे ठिपके सारख्या उंचीवर, वर. झोपेत एखादं चांगलं स्वप्न बघणारा, टक्कल पडलेला, सुखी माणूस.

शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाची बायको कुतूहलाने वाकून बघत होती. "किती छान काढलंय हो चित्र," ती म्हणाली. "फोटोपेक्षा बरे दिसतात."

धैर्यशीलने लॅपटॉप मिटला. तो जिन्यात जाऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, कुणीतरी गेलं असावं.  दाजींनी पाठीवर मारलेली थाप, न देऊ दिलेले पानाचे पैसे, कपाळावरचं कुंकू असं एकेक करून सगळं त्याच्यावर येत होतं. कुणी आपल्याकडे बघू नये, असं त्याला वाटत होतं.

त्याने रेवतीला फोन केला. दाजींचं सगळं सांगितलं.

"तोंडाचं शिकणं आज बंद कर," ती म्हणाली. "सगळ्यांच्या चष्म्यांत पाठव. साधी सुधारणा म्हणून."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"धैर्यशील, तुझ्या दाजींना स्ट्रोक सॉफ्टवेअरने आणला नाही."

ते खरं होतं, आणि दोन दिवस तो त्या वाक्याला धरून राहिला. त्याने दुरुस्ती पाठवली. ताईला काही सांगितलं नाही. दाजींना घरी नेलं, पलंग भाड्याने आणला, व्यायाम शिकवणारा माणूस लावला, धैर्यशीलने सगळं धावतपळत केलं. शेजारणी म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. ते ऐकून तो मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

दाजींना एकच शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं. वाचेचा भाग मेला तरी आयुष्यभर घोकलेला एखादा शब्द दुसरीकडे कुठेतरी शिल्लक राहतो. दाजींचा शब्द होता 'खो'. पाणी हवं असलं तरी खो, दुखलं तरी खो. गावातले जुने खेळाडू भेटायला यायचे आणि तो शब्द ऐकून बाहेर जाऊन डोळे पुसायचे.

ताई चष्मा लावत नव्हती. ती पुन्हा भिंतीला हात लावत चालायला लागली होती. शिकवणी बंद केली. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्यापेक्षा आंधळं माणूस बरं. त्याला निदान माहीत असतं, आपल्याला दिसत नाही ते." एकदा तिने ऋतुजाला, धैर्यशील ऐकत असताना, हळू आवाजात सांगितलं, "लाज नाही वाटत, असं म्हणाले गं मी त्यांना. त्यांना शेवटचं नीट ऐकू आलं ते माझं हे वाक्य."

त्या दुपारी धैर्यशील तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. दाजी पलंगावर उशांना टेकून बसले होते. ऋतुजा त्यांच्या हाताला तेल लावत होती.

"ताई, तुझी चूक नाही. तुला ते हसताना दिसले कारण सॉफ्टवेअर तसं दाखवत होतं. कुणीही असो, कसाही असो, हसरा दाखवत होतं."

ताईची मान त्याच्या आवाजाच्या दिशेला वळली. "म्हणजे बिघडलं होतं?"

"बिघडलं नव्हतं. तसं शिकलं होतं."

"आणि तुला आत्ता कळलं?"

इथे 'हो' म्हणायला अगदी सोपं होतं. तिने स्वतःच वाट करून दिली होती. धैर्यशीलच्या ओठांवर तो शब्द आलाही.

"नाही. आधी माहीत होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

 ऋतुजाचा तेलाचा हात थांबला.

"दिवाळीत तू इथे जेवलास," ताई म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"मी तुला ओवाळलं. तुला दिसत होतं ना, मी सगळ्यांकडे बघून हसतेय ते? मंगलवहिनी माझ्याशी भांडायला आल्या होत्या त्या दिवशी, गटारीच्या पाण्यावरून. मी त्यांना फराळ दिला. म्हटलं, किती हसतमुख बाई. नंतर सगळी गल्ली हसली असेल मला." तिचा आवाज चढला नव्हता. "चार महिने मी वेड्यासारखी फिरले या गावात, आणि तू ते बघत होतास."

"ताई, मान्यतेची तपासणी..."

"तपासणीचं मला नको सांगू. मला एवढंच सांग, मी तुझी बहीण आहे की तुझी चाचणी?"

ऋतुजा उठली. तिला वाटलं असेल ओरडावं, पण तिला ओरडता आलं नाही. आईला आपण काय बोललो ते तिलाही आता आठवत असणार. ती आईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "खो."

दाजींनी डावा हात पुढे केला होता. धैर्यशील खाली मान घालून बसला होता, पाठ त्यांच्याकडे. त्या हाताने त्याच्या पाठीवर दोनदा जोरात टोचलं. "खो! खो!" ते रागावले होते की उठ म्हणत होते, की फक्त पाणी मागत होते, कुणाला सांगता येईना. त्यांचं अर्धं तोंड ओघळलेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऋतुजाने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी ढकलून दिला.

"जा तू," ताई म्हणाली. "बाकीच्यांनाही हेच सांग. मग ये."

चाचणीतल्या लोकांची महिन्यातून एकदा ऑनलाइन सभा भरायची. या वेळी धैर्यशीलने रेवतीकडे बोलायची परवानगी मागितली नाही. सांगितलं फक्त, की मी बोलणार आहे. ती म्हणाली, "तपासणी बारगळेल. हजारो लोक या चकतीची वाट बघतायत, त्यांना काय सांगशील?" हा प्रश्न खोटा नव्हता. तरी तो बोलला.

जे झालं ते त्याने सांगितलं. सुरुवातीला कुणाला नीट समजेना. मग चिपळूणच्या एक बाई बोलल्या, विद्या त्यांचं नाव.

"म्हणजे डिसेंबरातलंही सगळं तसंच?"

"हो."

"डिसेंबरात माझ्या मुलीला बघायला आले होते. मी तिला विचारलं, पसंत आहे ना गं? ती हो म्हणाली. आवाज जरा बारीक होता. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं..." बाई थांबल्या. "लग्न होऊन गेलंय हो."

 धैर्यशीलला वाटलं होतं लोक शिव्या देतील. शिव्या त्याला सोसल्या असत्या.

मग साताऱ्याचे एक म्हातारे गृहस्थ खाकरले. "साहेब, मला पहिलंच परत द्या. माझी सून मला दोन वेळा ताट आपटून वाढते. कानांना ते कळतं. डोळ्यांना हसरी दिसायची, तेवढाच घास गोड लागायचा. तुम्ही ते बंद केल्यापासून तिचं तोंड धुरकट झालंय. मला खरं ठाऊक होतं हो. तुम्ही फसवलंत कुणाला?"

काही लोकांनी त्यांना दुजोरा दिला. काही चिडले. दोघांनी सभेतच चष्मा परत पाठवतो म्हणून सांगितलं. धैर्यशील शेवटपर्यंत बसून राहिला. 

तपासणी वर्षभर पुढे गेली. कंपनीने त्याला चेहऱ्यांच्या कामावरून काढलं. मग रेवतीनेच त्याला परत बोलावलं.  एवढंच म्हणाली, "मीही ते फोटो बघितले होते. तू ठरव म्हटलं मी. तेव्हा मला ते मोठेपणाचं वाटलं होतं."

नव्या आवृत्तीत त्याने बटणाचा आणि शिकण्याचा संबंध तोडला. आणि एक गोष्ट घातली, जी पिक्सेल आर्ट काढणारा कुठलाही चित्रकार कधी करणार नाही. कॅमेऱ्याची खात्री नसेल तिथे ठिपके लावायचेच नाहीत. जागा मोकळी सोडायची. चित्र त्यामुळे कुरूप दिसायचं, उंदरांनी कुरतडल्यासारखं. पसंतीचा आकडा निम्म्यावर आला. त्याने तो बघायचं सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ती आवृत्ती घेऊन विट्याला गेला. मधल्या काळात ताईने त्याला पुन्हा ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. दार ऋतुजाने उघडलं. दाजी आता काठी धरून अंगणापर्यंत जायचे. त्याला बघून ते "खो" म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा थोडा वर गेला, हे मात्र त्याने नीट बघितलं.

ताईने चष्मा हातात घेतला. बोटांनी चाचपला. "मला याची भीती वाटते," ती म्हणाली.

"नको असेल तर नको लावू."

"भीती वाटते म्हटलं. नको म्हटलं नाही."

तिने चष्मा लावला. आधी तिने अंगणातल्या दाजींकडे पाहिलं. बराच वेळ. त्यांचं अर्धं तोंड तिला दिसत होतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी काहीच नव्हतं.  मग ती धैर्यशीलकडे वळली. तो दाराकडे पाठ करून, उजेडाच्या उलट्या बाजूला उभा होता.

"तुझे डोळे दिसतायत," ती म्हणाली. "तोंड दिसत नाही. मोकळं आहे."

"उजेड मागून येतोय म्हणून. मी इकडे सरकतो."

"नको, तिथेच थांब. तोंडाने सांग. काय होतंय तुला आत्ता?"

तो होता तिथेच उभा राहिला. 

"लाज वाटते ताई."

तिने मान थोडी कलती केली, पूर्वी चपलांचा आवाज ऐकताना करायची तशी, आणि ते ऐकलं.

"वाटू दे," ती म्हणाली, आणि दाजींची काठी घसरायच्या आत त्यांचा हात धरायला अंगणात गेली.